सतरा अपूर्ण

थुंकीची किळस बारकीला लहानपणापासूनच. उष्टं खाणं सोडाच, सख्ख्या बहिणीच्या पेल्यात उरलेलं पाणीही ती बेसिनमध्ये ओतून द्यायची. अशा मुलीच्या वाट्याला दुसऱ्यांच्या लाळेत हात घालायचं काम यावं, याचं तिच्या ताईला भारी हसू यायचं. बारकीला खरं तर पीएच.डी.साठी तोतरं बोलणाऱ्या मुलांवर संशोधन करायचं होतं. पण वाचा आणि श्रवण विभागातल्या तिच्या मार्गदर्शक मॅडमनी त्या वर्षी गिळण्याचा प्रकल्प आणला होता आणि विभागात सगळ्यांत नवी तीच होती. बारकी हे नावही त्यामुळेच पडलेलं. पदरी पडलं ते पवित्र म्हणून तिने अॅप्रन चढवला.

अर्धांगवायूनंतर पुष्कळांचं गिळणं बिघडतं. साधं पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं, ठसका लागतो, कधी न्यूमोनियावर जातं. म्हणून पाण्यात पावडर कालवून ते मधासारखं दाट करून पाजतात. मॅडमनी अशी एक नवी पावडर तयार केली होती, आणि ती पेशंटच्या पसंतीला उतरते का हे बघायचं काम बारकीचं. सकाळी पाणी घोटायचं, दाटपणा मोजायला ते सिरिंजमधून दहा सेकंद गळू द्यायचं, किती उरलं ते लिहायचं. मग पेशंटला कॅमेऱ्यासमोर तीन चमचे. शेवटी रडक्यापासून हसऱ्यापर्यंत पाच चेहऱ्यांचं कार्ड पुढे धरायचं. ज्या चेहऱ्यावर बोट पडेल त्याप्रमाणे एक ते पाच गुण.

नियम एकच होता. तिन्ही चमचे पोटात गेले तरच कार्ड दाखवायचं. कुणी थुंकलं तर 'चाचणी अपूर्ण' असा शेरा मारून कागद बाजूला ठेवायचा. ज्याने गिळलंच नाही तो चव काय सांगणार, असं मॅडमनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं. बारकीला ते पटलंही होतं.

थुंकणारे काही कमी नव्हते. ते पाणी तोंडात लाळेशी मिसळलं की फुटायचं, ओठांच्या कोपऱ्यातून गळायचं, हनुवटीवरून त्याची लांब तार लोंबायची आणि तुटता तुटायची नाही. बारकी श्वास रोखून ती टिपायची आणि मग बेसिनवर जाऊन कोपरापर्यंत हात धुवायची. घरी ताईने दाट सूप वाढलं तरी ती वाटी बाजूला सरकवायची.

चाळिसावे पेशंट शिंपीकाका. उजवी बाजू लुळी, बोलणं म्हणजे नुसता घोगरा घोळ. पहिला चमचा आत गेला न गेला तोच त्यांनी तो बारकीच्या अॅप्रनवर उडवला. त्याच घोळात एकच शब्द दोनदा म्हणाले. मुद्दाम करतोय मेला, असं बारकीच्या मनात आलं. तिने 'अपूर्ण' लिहिलं आणि बेसिन गाठलं. महिनाभर घरी वापरायला सगळ्यांना पावडरचा एकेक डबा दिला जात होता, तसा त्यांच्यासोबत आलेल्या काकूंनाही दिला.

तीन आठवड्यांनी काकू तिला वॉर्डाबाहेर दिसल्या. काका आत सलाईनवर होते. अंगातलं पाणी इतकं कमी झालं होतं की दोन दिवस ते डोळे उघडत नव्हते.

"ताई, ते पाणी तोंडाशी नेलं की हे मान फिरवतात," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "साधं द्यायला तुम्हीच मनाई केलीत. मग मी द्यायचं तरी काय?"

बारकीने आत डोकावून पाहिलं. काकांची जीभ झाडाच्या सालीसारखी झाली होती, आणि उघड्या तोंडाला वास मारत होता. तिला मळमळलं. त्या मळमळीची लाज वाटली, तरी मळमळ थांबेना.

विभागात येऊन तिने त्यांचं रेकॉर्डिंग लावलं. मोडलेल्या बोलण्यातून शब्द सोडवायचं शिक्षण तिने पाच वर्षं घेतलं होतं, आणि या चाळीस जणांवर ते एकदाही वापरलं नव्हतं. वेग निम्म्यावर आणला, ओठ पाहिले, घशातला सूर पुन्हा पुन्हा ऐकला. चौथ्यांदा कळलं. काका म्हणत होते, "खळ. खळ." ज्या माणसाने जन्मभर कॉलरी कडक करायला त्यांना खळ लावली, त्याला चमच्यात काय आहे ते सांगायला कार्ड नको होतं.

मग तिने स्वतः एक पेला कालवला. वर्षभर हाताने ढवळत होती, पण जिभेवर कधी ठेवलं नव्हतं. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास, आणि घशाच्या तोंडाशी बसलेला तो कोमट गोळा, ना पुढे जाईल ना मागे येईल. ती बेसिनमध्ये थुंकली. तार तिच्याही हनुवटीवर लोंबली.

बाजूला ठेवलेले कागद तिने मोजले. चाळिसातले सतरा. शेरा सगळ्यांवर तिच्याच अक्षरात, आणि अक्षर कसं मोत्यासारखं.

मॅडमनी तिचं शांतपणे ऐकून घेतलं. तेवीस जणांची सरासरी चारच्या वर आहे, पेपर जवळजवळ झाला आहे, नियम आधीच ठरलेला होता, आणि एक म्हातारा हट्टी निघाला म्हणून पावडर वाईट ठरत नाही, असं त्या समजावत राहिल्या. बारकीने विचारलं, "मॅडम, तुम्ही हे कधी घेऊन बघितलंय?"

मॅडमनी नाक मुरडलं. "शी, मी कशाला?"

पेशंटच्या तोंडून गळणाऱ्या लाळेनेही बारकीला कधी इतकं किळसवाणं वाटलं नव्हतं. समोरचा स्वच्छ हात, त्यातलं पेन, आणि आपण याच हाताकडून शिकलो ही जाणीव. ती उठली.

सतराही रेकॉर्डिंग तिने नव्याने पाहिली. जे थुंकले त्यांना एक गुण धरला, जे काही बोलले ते शब्दागणिक उतरवलं. दोघींनी 'नको' म्हटलं होतं, एकाने आईवरून शिवी दिली होती. चाळीस जणांची सरासरी तीनच्याही खाली आली. तो तक्ता घेऊन ती संशोधन समितीकडे गेली. समितीने मार्गदर्शक बदलून दिले, वर्षभराची मुदत वाढवली, आणि मॅडमना काहीच विचारलं नाही. शिंपीकाका घरी गेले. बाजारातली दुसरी पावडर थंड पाण्यात कालवली तर ते कुरकुरत का होईना, अर्धा पेला घेतात, असं काकूंनी फोनवर सांगितलं.

पुढच्या वर्षी मॅडमचा पेपर छापून आला. तेवीस पेशंट, 'उत्तम स्वीकार'. शेवटी आभारांत बारकीचं नाव, 'काटेकोर नोंदींबद्दल'. तिने ते वाचलं. त्याच दिवशी संपादकांना पत्र लिहून तिने आपलं नाव काढायला सांगितलं आणि सोबत सतरा जणांचा तक्ता जोडला. नाव काढलं गेलं. तक्त्याबद्दल अजून कुणी काही कळवलेलं नाही.