डबल बेल

“चलानेवालेने नई बिगाडी इसकू, बद्रीभाऊ. संभालनेवालेने बिगाडी,” हबीब मिस्त्री गाडीखालून म्हणाला. बाहेर त्याचे फक्त पाय होते, त्यामुळे हे सुवचन पायांनीच उच्चारल्यासारखं वाटलं.

“कमी चाललेली हाय म्हणून तर घेतली,” बद्रीनाथ म्हणाला.

“हौ, कमीच चली. घरजावई है ये. बैठे बैठे घुटने गये.”

गाडी लाल होती, दोन सीटांची, आणि बुटकी. जालना रोडवरच्या एका बंगल्यात ती वर्षानुवर्षं मखमली खोळ पांघरून उभी होती. मालक तिला रोज पुसायचे आणि चालवायला घाबरायचे. ते वारल्यावर मुलानं गाडी विकायला काढली. “काका, चाललेलीच नाही हो!” असं तो मुलीचं स्थळ सांगावं तसं सांगत होता. बद्रीनाथची हयात एसटीत ड्रायव्हरकी करण्यात गेली होती. उभ्या गाडीचं काय होतं हे त्याला ठाऊक असायला हवं होतं. पण एसटीची गाडी उभी राहते कधी? ब्रेकच्या रबराचा दगड झाला होता, टाकीतल्या पेट्रोलचा डिंक झाला होता, वायरिंग उंदरांनी खाल्लं होतं. मीटरवरचा आकडा तेवढा तरुण होता.

“मी काय टपावर बसू?” लक्ष्मीबाईंनी, म्हणजे बद्रीनाथच्या बायकोनं, पहिल्याच दिवशी विचारलं होतं. “दोनच शिटा हायेत हिला.”

“तुह्यासाठी नाय घेतली.”

“मंग कुणासाठी?”

“नूरभाईसाठी.”

लक्ष्मीबाईंनी पुढं काही विचारलं नाही. त्यांच्या संसारात असं क्वचितच घडे.

बद्रीनाथ ड्रायव्हर आणि नूरमोहम्मद कंडक्टर ही जोडी देवगाव रंगारीच्या गाडीवर इतकी वर्षं होती, की तिथल्या पोरांना ते एकाच माणसाचं नाव वाटे. नूरमोहम्मदनं पहिल्याच दिवशी करार केला होता, “पुढचं तुमचं, डायवरसाब. मागचं माझं.” त्यानं दोरी दोनदा ओढली, डबल बेल झाली, की बद्रीनाथ मागं पाहत नसे. कोण चढलं, कोण लोंबकळलं, कुणाची शेळी राहिली, ते नूरमोहम्मदचं खातं. सवय अशी हाडात मुरली की निवृत्तीनंतर स्कूटरवर लक्ष्मीबाईंना त्याच्या पाठीत दोनदा बोट टोचावं लागे. त्याशिवाय स्कूटर हलत नसे.

एकदा दौलताबादच्या घाटात अशीच एक लाल गाडी त्यांच्या बसला मागं टाकून गेली. नूरमोहम्मद मान बाहेर काढून ओरडला, “अशी एक घ्या, डायवरसाब! दोनच शिटा. ना तिकीट, ना सुट्ट्याची कटकट!” हा विनोद पुढं निवृत्तीपर्यंत रोज चालला आणि रोज नवा वाटला.

मग नूरमोहम्मदला लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डाव्या हातात चमचा आणि उशाशी स्टीलचा पेला, एवढंच बोलणं उरलं. एकदा वाजवला की नको. दोनदा वाजवला की हो. त्याच्या बायकोनं, ताहेराभाभींनी, ही भाषा दोन दिवसांत उचलली. “कढी देऊ?” टिंग. “खिचडी?” टिंग टिंग. “जिंदगीभर डायवरकू बेल दिये,” त्या म्हणत, “अब मेरेकू देते.”

गाडी घेतली त्या दिवशी बद्रीनाथ त्याच्या खाटेशी बसला होता. “नूरभाई, घेतली. लाल. दोन शिटा. देवगावला चहा प्यायला जायचं.”

नूरमोहम्मदनं डाव्या हातानं चमचा उचलला. मग पेला दोनदा वाजला, आणि पुन्हा दोनदा. चार बेलला एसटीत काही अर्थ नाही. बद्रीनाथला तो कळला.

पण हबीब एक गोष्ट उघडायचा, तर आतून दुसरी निघे. पुण्याहून आलेला पार्ट भलत्याच गाडीचा निघाला, तो परत गेला. बद्रीनाथ रोज गॅरेजात बसे आणि संध्याकाळी नूरमोहम्मदला सांगे, “उद्या.” एकदा ताहेराभाभी त्याला सोडायला दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, “कल मत बोलो, भाईजान. आप कल बोलते, ये सुबहसे खाकी शर्ट पहनके बैठते.”

त्यानंतर बद्रीनाथनं ‘उद्या’ म्हणणं सोडलं. नूरमोहम्मदनं शर्ट घालणं सोडलं नाही.

शेवटी एका सकाळी इंजिन बोललं. हबीबनं हात पुसले. “ले जाओ. घुमाओ चाचाकू.”

बसच्या उंच सीटवरून जग पाहिलेल्या माणसाला या गाडीतून रिक्षांची फक्त चाकं दिसत होती. तरी तो ताठ बसला. नूरमोहम्मदच्या गल्लीत शिरला तर घरासमोर ही गर्दी. बातमी आधीच पोचली म्हणायची, असं वाटून तो खूश झाला. एवढी माणसं गाडी बघायला आली! त्यानं ऐटीत हॉर्न दिला.

कुणी हसलं नाही. लोक मुकाट बाजूला झाले, तेव्हा त्याला जनाजा दिसला.

नूरमोहम्मदची मुलगी जाहेदा उंबऱ्यात उभी होती. “पहाटे गेले, चाचा. तुमच्या घरी फोन लावला, तुम्ही गॅरेजला निघून गेलते.”

बद्रीनाथनं खांदा दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नूरमोहम्मद पुढं होता आणि तो मागं.

घरी येऊन त्यानं गाडीवर खोळ घातली. खोळ चांगली होती, मखमली. काही दिवसांनी हबीब आला. खोळीकडं पाहून म्हणाला, “फिर खडी कर दिये?” आणि चहा न घेता गेला.

मग एका दुपारी बद्रीनाथ गाडी घेऊन नूरमोहम्मदच्या घरी गेला. ताहेराभाभी नवऱ्यामागच्या इद्दतीत होत्या, परपुरुषासमोर येत नव्हत्या. पडद्याआडूनच म्हणाल्या, “देवगाव हो आये, भाईजान?”

“नाय भाभी. एकट्यानं काय जायचं? हबीबकडं चाललो. विकून टाक म्हणतो त्याला.”

“पहले चाय पीके आओ,” त्या म्हणाल्या. “फिर बेचना.”

तो बाहेर येऊन गाडीत बसला. चावी फिरवली. इंजिन लागलं. हात गिअरवर गेला आणि तिथंच राहिला. मागं रिक्षा येऊन थांबली. “ओ चाचा, निकालो ना! सो गये क्या?” शेजारची सीट रिकामी होती. गाडी नुसती थरथरत होती. रिक्षावाल्यानं हॉर्न दाबून धरला.

तो हॉर्न थांबला, तेव्हा खिडकीच्या पडद्यामागं स्टीलचा पेला वाजला.

टिंग टिंग.

बद्रीनाथनं पहिला गिअर टाकला. मागं पाहिलं नाही. मागचं कंडक्टर बघतो.