दोन नंबरचे बटण

सोमवारी संध्याकाळी साडेसात वाजता अल्लीपूरच्या एका घरातील टीव्हीवर ‘पाहुण्यांची सोय’ ही विनोदी मालिका लागली नाही. तिच्या जागी दुसराच कार्यक्रम सुरू झाला. स्वयंपाकघराच्या दारात बसलेल्या मनकर्णाबाईंच्या हातातली अंबाडीची जुडी तशीच राहिली.

मित्रांनो, मी त्या टीव्हीशेजारचा जुना मीटर आहे. आवाजावरून मी वाहिनी ओळखतो आणि कोण काय पाहते ते रोज मोजणी करणाऱ्या कंपनीला कळवतो. अशा थोड्या मीटरांवरून लाखो घरांचा अंदाज बांधतात. त्यालाच टीआरपी म्हणतात. कारखान्यात माझ्या पाठीवर ‘अचूक’ अशी चिठ्ठी चिकटवली होती. ती आठवली की मला स्वतःचीच किळस येते.

सहा वर्षांपूर्वी सचिन नावाच्या तंत्रज्ञाने मला इथे बसवले. माझ्या रिमोटवर घरातल्या प्रत्येकाला एक बटण मिळाले. एक नंबर वासुदेवराव, दोन नंबर त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई, तीन नंबर मुलगा मुकेश, चार नंबर सून छाया.

“जो पाहील त्यानं आपलं बटण दाबायचं,” सचिनने सांगितले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

या घरात पाहणे म्हणजे खुर्चीवर बसून पाहणे, हे मला ठाऊक नव्हते.

वासुदेवराव सातला बातम्यांसाठी बसत, एक नंबर दाबत आणि साडेसातला घोरू लागत. मग वाहिनी बदलून ‘पाहुण्यांची सोय’ लावली जाई. मनकर्णाबाई दारात भाजी निवडत, छाया आत पोळ्या लाटता लाटता मान बाहेर काढी. मुकेशने वेगळ्या चुलीचा विषय काढल्यापासून दोघी दिवसभर कामापुरतेही बोलत नसत. त्या अर्ध्या तासात मात्र बोलत.

“आई, हा पाहुणा तं तुमच्या भावावानीच हाय. निघतो म्हणते अन् पुन्हा बसते.”

“अन् ती बाई कोनावानी हाय? तुह्या मायवानी! पिशवी भरल्याबिगर उठत नाई.”

मग दोघी इतक्या हसत की वासुदेवराव दचकून जागे होत.

एकदा मुकेशने विचारले, “माय, तुहं बटण काऊन दाबत नाई?”

“मी कुठं टीव्ही पाहून राह्यली? मी तं भाजी निवडून राह्यली.”

“अन् माहे हात पिठाचे हायेत,” छाया म्हणाली.

मी रोज कळवत राहिलो : एक पुरुष, वय अडुसष्ट. तो झोपलेला होता. हसणाऱ्या दोन बायका माझ्या लेखी घरातच नव्हत्या.

रात्री नऊला दुसरी एक विनोदी मालिका लागे. तिच्यात कुणीतरी आधीच हसून ठेवलेले हसू दर वाक्यानंतर वाजे. मुकेश तीन नंबर दाबून मोबाइलमध्ये डोके घाली. घरात कुणीही हसत नसे. माझ्या अहवालात मात्र ती पाहिली जात होती. साडेसातच्या जागेवर आता त्याच मासल्याचा नवा कार्यक्रम आला. असल्या हसण्याचा मला वीट आला आहे. त्याला खरे ठरवण्यात माझा हात आहे, म्हणून जास्तच.

बुधवारी सचिन तपासणीला आला.

“काऊन रे बाबू, आमचा कार्यक्रम काऊन बंद केला?” मनकर्णाबाईंनी विचारले.

“बाया पाहत नव्हत्या म्हने, मावशी. बायाच नाई तं मसालेवाले, साबनवाले जाहिरात कायले देतील?”

छाया लाटणे घेऊनच बाहेर आली. “म्हंजे आम्ही कोन हाओ?”

सचिनने माझी मागची नोंद पाहिली, मग दोघींकडे पाहिले. “मागचं आता बदलता येत नाई. पुढं त्या वेळेले बाया दिसल्या, तं काय सांगता येते.”

तो असे का बोलला, मला कळले नाही. कदाचित दोघींचे चेहरे त्याला पाहवले नसतील.

मित्रांनो, कधी कुणाची मोजणी तुमच्याकडे आली, तर खुर्च्या मोजून उठू नका. दारात कोण बसले आहे तेही विचारा.

गुरुवारी साडेसातला मनकर्णाबाईंनी पदराला हात पुसले आणि सहा वर्षांत प्रथमच दोन नंबरचे बटण दाबले. छायाने पिठाच्या बोटाने चार नंबर दाबला. पडद्यावर नवा कार्यक्रम होता. ते साठवलेले हसू वाजत राहिले. दोघींना हसू आले नाही.

“दिसलो का रे आता?” मनकर्णाबाईंनी मला विचारले.

मी कळवले : दोन स्त्रिया, वय त्रेसष्ट आणि एकतीस, नवा कार्यक्रम पाहत आहेत.

त्या रोज बटणे दाबतात. पुढच्या आठवड्याच्या आकड्यांत नव्या कार्यक्रमाच्या स्त्री प्रेक्षकांत वाढ दिसली. ‘पाहुण्यांची सोय’बद्दल वाहिनीने काही जाहीर केलेले नाही. मुकेशने वेगळ्या चुलीसाठी दुसऱ्या गॅसजोडणीचा अर्ज भरला आहे. तो अजून मंजूर झालेला नाही.