घडीबाईच्या दोन सह्या

साहेब, हुकूम काढून तुम्ही एका बाईला संध्याकाळी सहाच्या आत पुन्हा अडाणी व्हायला लावलंत. ती झाली, म्हणून तिचं मत पेटीत पडलं. बाकाला डोळे नसतात असं तुम्ही म्हणाल. नसोत. हे सगळं माझ्यावर बसून झालंय, तेव्हा साक्ष माझीच घ्यावी लागेल.

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. शाळेचा, दोघांचा, उतरत्या फळीचा. फळी उचलली की आत दप्तर ठेवायचा खण आहे. मला घडवणाऱ्या सुताराने माझा एक पाय बोटभर आखूड कापला आणि चूक झाकायला त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. तेव्हापासून पुठ्ठे बदलले, डुगडुग गेली नाही. पहिल्या दिवशी तपासनीस आले, माझ्यावर थाप मारून म्हणाले, "पक्का आहे." आयुष्यात झालेलं माझं कौतुक एवढंच. पुढची तीस वर्षं मुलांनी माझ्यावर कंपासच्या टोकाने नावं कोरली, दोन बदाम कोरले, एक शिवी कोरली. मी सगळं वागवलं.

मग प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. आम्हा बाकांपैकी निम्मे जळणाला गेले. उरलेल्यांना तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत कोंबलं. तिथे एकच खिडकी, तीही सायकलींच्या छपराकडे उघडणारी. आता संपलो, असं वाटलं होतं.

पण त्या खोलीत मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी मोठ्यांचा वर्ग सुरू झाला. बाहेरून येऊन या देशात राहिलेली, कामाला लागलेली, रीतसर नागरिक झालेली माणसं इथली अक्षरं शिकायला येऊ लागली. नव्या खुर्च्या त्यांना कोण देणार? नको असलेल्या सामानावर नको असलेली माणसं बसवली, हिशेब सोपा. मोठ्यांचे गुडघे माझ्याखाली मावत नसत. ते तिरके बसत, एक पाय बाहेर काढून, आत्ता उठून पळतील असे. पण पळत नसत.

शिकवायला एक निवृत्त पोस्टमन होता. सगळे त्याला मास्तर म्हणत. चाळीस वर्षं लोकांची घाणेरडी अक्षरं वाचून त्याचं अक्षर मात्र मोत्यासारखं झालं होतं. त्याच्या वर्गाची एक रीत होती. पहिल्या संध्याकाळी प्रत्येकाने आपल्या बाकाची फळी उचलून आतल्या बाजूला पेन्सिलने सही करायची. हात सुटला की त्याच फळीवर, पहिलीच्या शेजारी, दुसरी सही करायची. प्रमाणपत्र वगैरे काही नाही. फळी उचला आणि बघा, कुठून कुठे आलात.

माझ्या वाट्याला घडीबाई आली.

ती इस्पितळाच्या लॉन्ड्रीत चादरी घडी करायची. दिवसाला चारशे चादरी. हातात काही सापडलं की घडी घालायची, मग तो रुमाल असो, पावती असो की रस्त्यात कुणी हातात कोंबलेलं प्रचाराचं पत्रक असो. काठाला काठ, कोपऱ्याला कोपरा. एकोणीस वर्षं या देशात, त्यातली अकरा नागरिक म्हणून. नागरिक होताना कारकुनाने तिचं नाव एका चिठ्ठीवर लिहून दिलं होतं आणि तिने ते चित्रासारखं उतरवलं होतं. तीच तिची सही. मतदार यादीत तीच चढली. पहिल्या संध्याकाळी माझ्या फळीच्या आत तिने तीच काढली, जिभेचं टोक दाताखाली धरून. तीन अक्षरं. पहिलं ताठ, दुसरं बसलेलं, तिसरं दमलेलं.

तिच्याशेजारी तिची धाकटी जाऊ बसायची. ती त्याच लॉन्ड्रीत इस्त्रीवर होती, आणि तिचं तोंड इस्त्रीहून गरम.

"ताई, हे तिसरं अक्षर बघ गं. दुहेरी पाळी करून आल्यासारखं पडलंय."

"तुझं कुठं नाचतंय? लिही गप."

दोन हिवाळे गेले. घडीबाईचा हात सुटला. आधी नाव आलं, मग पत्ता आला, मग औषधाच्या बाटलीवरचं लेबल. एका मंगळवारी तिने मुलीच्या शाळेचं पत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः वाचलं आणि घडी घालायचं विसरली. दुसरं वर्ष संपताना माझी फळी उचलून तिने दुसरी सही केली. एका झपक्यात, पेन्सिल न उचलता, शेवटी छोटंसं वळण. मास्तर फळीवर वाकला. "घडीबाई," तो म्हणाला, "ही सही बँकेच्या साहेबाला लाजवेल."

मित्रांनो, तेव्हा मला फार बरं वाटलं. पुढे काय होणार ते कुणाला ठाऊक होतं?

देशाची निवडणूक लागली. आमची खोली दर निवडणुकीला मतदान केंद्र होते. आदल्या दिवशी बाक बाहेर काढून व्हरांड्यात लावतात. मला दाराशेजारी ठेवलं, म्हातारीकोतारी टेकतील म्हणून. यादीचं टेबल माझ्यापासून चार हातांवर. सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं.

या वेळी एक नवा हुकूम होता. आजवर ओळखपत्र बघून आत सोडत. आता मतदाराने कागदावर सही करायची, अधिकाऱ्याने ती यादीतल्या सहीशी ताडून बघायची. संशय आला तर आणखी दोनदा करायला लावायची. तिसऱ्यांदाही जुळली नाही तर मत नाही.

संशय कुणाचा यावा, हे हुकुमात लिहिलं नव्हतं. ते ज्याने त्याने समजून घ्यायचं होतं.

दुपारी कोटातले एक गृहस्थ आले. इथलेच, पिढ्यान्‌पिढ्यांचे. त्यांची सही म्हणजे शाईत पडलेली मुंगी कागदावरून चालत गेल्यासारखी. यादीतली सही वेगळी असणार, कारण टेबलावरचा तरुण अधिकारी हसला.

"डॉक्टर का तुम्ही?"

"नाही हो, घरांचा दलाल. घाईत आहे जरा."

"असू दे, असू दे. या आत."

पाचला दहा कमी असताना घडीबाई आली. लॉन्ड्रीचा अंगरखा तसाच अंगावर. मुकादमाने तासाभराची सुट्टी दिली होती, कपाळाला आठ्या घालून. जाऊ सोबत होती. जावेने अजून दुसरी सही केली नव्हती. तिचं अक्षर कच्चंच होतं. तिने आपली जुनी तीन अक्षरं काढली. जुळली. ती आत गेली.

घडीबाईने पेन घेतलं आणि झपकन सही केली, वळणासकट. केवढ्या ऐटीत! मागच्या निवडणुकीत सहीचं विचारलंच नव्हतं. या वेळी विचारत होते, आणि तिला येत होती.

अधिकाऱ्याने यादी पाहिली, कागद पाहिला, तिला पाहिलं. "जुळत नाही."

"काय जुळत नाही?"

"सही. पुन्हा करा. नीट."

नीट म्हणाला तो! घडीबाईने नीट केली. पहिलीहून सुंदर. हात एकदा धावायला शिकला की त्याला थांबवणार कसं?

"दोन झाल्या," अधिकारी म्हणाला. "एकच उरली."

"अहो, फोटो बघा ना माझा."

"फोटो जुळतोय. सही जुळत नाही."

"म्हणजे मी अर्धी मी आहे का?"

एव्हाना जाऊ मत टाकून बाहेर आली होती. तिने सगळं ऐकलं आणि पदर खोचला नाही एवढंच. "हिला सही बदलायची असली तर? फॉर्मबिर्म असेल ना तुमच्याकडे?"

"आहे ना. निवडणुकीनंतर मिळतो. भरायचा आणि खाली जुनी सही करायची."

"वा! म्हणजे आजारी माणसाने आधी बरं व्हायचं, मग डॉक्टरकडे जायचं."

रांगेतलं कुणीतरी हसलं. अधिकारी लाल झाला. वाईट नव्हता तो पोरगा. हळूच म्हणाला, "बाई, माझ्या हातात नाही. वरून आलंय. तुम्ही आधी करायचात तशी करा. सहापर्यंत वेळ आहे."

"यादीतली दाखवता का जरा?"

"ती दाखवायची नाही. नियम आहे."

घडीबाई बाहेर आली आणि सवयीने माझ्यावरच बसली, तिरकी, एक पाय बाहेर काढून. जावेने पिशवीतून एक पावती काढून उलटी धरली. "काढ. पहिलं ताठ होतं."

काढलं. सुरेख आलं.

"अगं वाईट काढ, वाईट! डाव्या हाताने बघ."

डाव्या हाताने ते जनावर आलं, अक्षर नव्हे. पावती भरली, दुसरी भरली. सव्वापाच झाले. घडीबाईने दोन्ही पावत्यांच्या चौघडी घड्या घातल्या आणि मुठीत धरून बसली.

"जाऊ दे," ती म्हणाली. "एका मताने काय राज्य बुडतंय?"

"ताई, सकाळपासून कुणाचं डोकं खात होतीस? मुलीच्या शाळेचा दाखला, तुझ्या नवऱ्याची पेन्शन, सगळं निवडून येणाऱ्यांच्याच हातात जाणार म्हणून? आता जाऊ दे?"

घडीबाईने मुठीतली पावती उलगडून पुन्हा घडी घातली. अकरा वर्षांपूर्वी जे हातात होतं ते तिच्या हातातून निघून गेलं होतं. कुणाच्याही आयुष्यात ती आनंदाची गोष्ट असती.

साडेपाचला मास्तर मत द्यायला आला. त्याचं नाव यादीत आधीपासूनचं, त्याला कुणी थांबवणार नव्हतं. दोघींना बघून तो थांबला. जावेने एका दमात सगळं सांगितलं.

"मी जाऊन सांगतो. मी शिकवलंय तिला."

तो आत गेला आणि आला. त्याचा चेहराच बोलत होता. शिकवणाऱ्याची साक्ष हुकुमात बसत नव्हती.

"मास्तर," घडीबाई म्हणाली, "तुम्ही शिकवलंत. आता विसरवा."

चाळीस वर्षं पत्रं पोचवलेला तो माणूस माझ्यापुढे आला. मग एकदम वाकला. "बाई, उठा. हा तुमचाच बाक ना?"

त्याने माझी फळी उचलली.

आत घडीबाईच्या दोन्ही सह्या होत्या. पेन्सिल थोडी पुसट झाली होती. पण खणात ऊन लागत नाही. मी सांभाळून ठेवलं होतं. पहिली: एक ताठ, एक बसलेलं, एक दमलेलं. तिच्याशेजारी दुसरी, वळणासकट.

घडीबाई खाली उकिडवी बसली. मास्तरने पाठकोरा कागद दिला. तिने जिभेचं टोक दाताखाली धरलं आणि कारकुनाच्या चिठ्ठीवरून उतरवलं होतं तसं, या वेळी स्वतःवरूनच, स्वतःला उतरवायला लागली. जाऊ तिच्या डोक्यावर उभी.

"बसव दुसऱ्याला. आणखी. तिसरं फार तरतरीत झालंय, ताई, त्याला दमू दे."

"थांब गं, हसवू नकोस."

पण हसत कुणीच नव्हतं. मास्तर तोंड फिरवून सायकलींच्या छपराकडे बघत होता.

सहाला सात मिनिटं कमी असताना घडीबाई टेबलापाशी गेली. तिसरी सही. अधिकाऱ्याने यादी पाहिली, कागद पाहिला.

"जुळली," तो म्हणाला. आणि त्याने जीव भांड्यात पडल्यासारखा श्वास सोडला. "आता कशी नीट आली बघा!"

तिने मत दिलं. मतपत्रिकेची घडी चादरीसारखी घातली, काठाला काठ. पेटीत टाकली. बाहेर येऊन माझी फळी हळूच खाली केली, जशी झोपलेल्या पोराच्या खोलीचं दार ओढून घेतात. आणि उरलेल्या पाळीसाठी धावत गेली.

साहेब, इथे गोष्ट संपली असती तर मी गप्प बसलो असतो. डुगडुगत्या पायावर आयुष्य काढलेल्याला गप्प बसायची सवय असते.

पुढच्या मंगळवारी वर्गाला एकोणीसपैकी चौघेच आले. बातमी लॉन्ड्रीत पसरली, तिथून कोंबड्यांच्या कारखान्यात, तिथून बस धुणाऱ्यांच्या आवारात. शिकलं की मत जातं. जावेनेच मास्तरला सांगितलं, दारातूनच, आत न येता. "मास्तर, राग मानू नका. माझी जुळते अजून. जुळतेय तोवर राहू दे."

घडीबाई मात्र येते. आली की आधी पाठकोऱ्या कागदावर पाच मिनिटं वाईट लिहिते. माझी फळी उचलून, बघून बघून. ताठ, बसलेलं, दमलेलं. मास्तरने पहिल्यांदा विचारलं, हे काय? ती म्हणाली, "सवय राहू दे. पाच वर्षांनी लागेल." फॉर्म आणलाय तिने, भरलाय, खाली जुनी सही केलीय. उत्तर आलेलं नाही. मग त्या पाठकोऱ्या कागदाची घडी घालून ती खणात ठेवते आणि वाचायला घेते.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने आत्मवृत्ताच्या शेवटी सांगतात, आमची काळजी घ्या, आम्हाला रंग द्या, पाय दुरुस्त करा. माझा पाय राहू दे तसाच. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातलं कुणी त्या टेबलामागे बसेल. तेव्हा पुढ्यात आलेल्या माणसाची फळी उचलून बघा. आत दोन सह्या असतील. दोन्ही त्याच्याच असतात.

आणि साहेब, तुम्ही. तुमची पहिली सही कुठे आहे? तुम्ही काय जन्मतः वळणदार लिहीत होतात? शाळेतल्या कुठल्या बाकावर तुम्ही गिरवलंत, आणि त्या अक्षराला आज तुमची सही जुळते का? त्या कोटातल्या गृहस्थाची नाही जुळली, ते चाललं. हिचं का चाललं नाही? बाईने शिकावं की शिकू नये, एकदा काय ते सांगा.

तोंडी नको. लेखी द्या. आणि खाली सही करा, तीनदा. आम्ही ताडून बघू.