सुट्टीच्या दिवशी मी आत असे

मित्रांनो, मी एक जुना चपलांचा स्टँड आहे. हसू नका, आणि नाकाला रुमालही लावू नका. सुताराने मला एका मोडक्या दाराच्या फळ्यांतून घडवलं आणि घाईघाईत एक पाय आखूड ठेवला. त्या पायाखाली चिंध्यांची घडी घेऊन मी टेलरताईंच्या दुकानाबाहेर उभा राहिलो.

कामात मी कधी कुचराई केली नाही. "स्टँड मजबूत आहे हो," असं कुणी गिऱ्हाईक म्हणालं की माझी छाती फुगायची. पण आठवड्याच्या सुट्टीला ताई मला आत ओढायच्या आणि दार लावून घ्यायच्या. मला भारी अपमान वाटायचा.

कारण हळूहळू कळलं. त्या दिवशी ताईंकडे काही माणसं जमत. कुणी पुरुषावर जीव जडलेला पुरुष, कुणी बाईवर जीव जडलेली बाई. एकजण मुलगा म्हणून वाढवलेली, पण आपण मुलगी आहोत हे तिला पक्कं ठाऊक. ताई आणि नर्सबाईंचाही एकच संसार होता. लोक त्यांना मावसबहिणी समजत. इथे येईपर्यंत प्रत्येकाला वाटायचं, गावात असे आपण एकटेच! ताईंनी या सगळ्यांची मोट बांधली. कुणाला घरातून काढलं तर खोली बघायची, कुणी आजारी पडलं तर सोबत जायचं, हे सगळं इथेच ठरे. पण गाव एवढंसं, चपलेवरून माणूस ओळखणारं. म्हणून चपला आत आणि त्यांच्याबरोबर मीही आत.

एकदा त्यांच्यातल्या एका एसटी कंडक्टरने घोळ केला. ड्यूटीवरून धावतपळत आला आणि सवयीने बूट पायरीवरच काढले. त्याच्या एका बुटाला हिरवी नाडी होती, आईने ओवलेली. थोड्या वेळाने दार वाजलं.

"माझा मुलगा आहे ना आत?" बाहेरून त्याच्या आईचा आवाज आला.

सगळ्यांचे चेहरे उतरले. काहीतरी थाप मारली असती तर भागलं असतं. ताईंनी कंडक्टरकडे पाहिलं. त्याने मान हलवली, तेव्हा त्यांनी दार उघडलं.

"आई, मी लग्नाला नाही म्हणतो ना, त्याचं कारण हे," तो कसाबसा म्हणाला. "मला पुरुष आवडतात. आणि ही माझी माणसं आहेत."

आई बसलीही नाही. भाजीची पिशवी उचलून निघून गेली. घरी तिने अबोला धरला. "आई तुटली हो माझी," असं म्हणून तो ताईंजवळ ढसाढसा रडला. आता गावभर बोभाटा होणार, दुकान जाणार, म्हणून नर्सबाईंनी बॅगा भरायला घेतल्या.

पुढच्या सुट्टीला पुन्हा दार वाजलं. तीच, कंडक्टरची आई! चपला काढून ती इकडेतिकडे बघू लागली.

"स्टँड कुठंय?"

"आत आहे," ताई म्हणाल्या.

"आत? चपला लपवून बसता? चोरीबिरी केलीय की काय तुम्ही?" तिचे डोळे सुजलेले होते, पण आवाज खणखणीत. "आणा तो बाहेर!"

कुणी हलेना. मग तिनेच मला धरून पायरीवर ओढलं आणि आपल्या चपला वरच्या फळीवर ठेवल्या. शेजारी ताईंनी त्यांच्या ठेवल्या. मग हिरव्या नाडीचे बूट आले, आणि मग सगळ्यांचेच. मला तर रडूच आलं.

मित्रांनो, आता माझे खिळे सैल झालेत, फळ्यांना वाळवी लागलीय. जमलं तर थोडं तेल लावा, नाही जमलं तरी मी कुरकुरणार नाही. फक्त मला पुन्हा आत ओढायची वेळ कुणावर आणू नका.