सोडलेला विषय

कॉलेजच्या अनुदान विभागाबाहेर एक स्टूल होतं आणि त्यावर बावीस वर्षं एकच शिपाई बसत आला होता. आत खिडकीवरच्या बाई बदलल्या, साहेब बदलले, खिडकीची काचसुद्धा दोनदा बदलली. हा गडी हलला नाही. सरकारी अनुदान कोणाला मिळतं, कोणाला नाही, उत्पन्नाचा दाखला किती महिन्यांपूर्वीचा चालतो, मध्ये वर्ष वाया गेलं तर काय होतं, सगळं त्याला तोंडपाठ. मुलं खिडकीकडे जायच्या आधी त्याच्याकडे यायची. ऑफिसातली मंडळी त्याला कायदेपंडित म्हणायची, थोडं चिडवत, थोडं मनापासून. त्याला ते आवडायचं, पण आवडत नाही असं तो दाखवायचा.

त्याची मुलगी त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. अनुदान होतं म्हणून होती. एक शिपायाचा पगार आणि दुसरी आईची हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातली मजुरी, एवढ्यात कॉलेज बसत नव्हतं. अनुदान नाही तर फी नाही, आणि फी नाही तर परीक्षेला बसता येत नाही, इतका साधा हिशोब.

अनुदान चालू राहायला सरासरी पंचावन्न टक्के लागायचे. पोरीचं बाकी सगळं ठीक होतं, पण संख्याशास्त्र तिला काही केल्या जमत नव्हतं. पहिल्या चाचणीत तिला वीसपैकी चार मिळाले. तेव्हा बापाने आपला हुकमी उपाय काढला. सहा विषयांतला जड असेल तो सोडून द्यायचा आणि पुढच्या वर्षी घ्यायचा. पाच विषय असले तरी पूर्णवेळ विद्यार्थी धरतात आणि सरासरीही वर राहते. हा उपाय त्याने आजवर किती मुलांना सांगितला असेल याची गणती नाही, आणि त्यातल्या एकाचंही अनुदान अडलं नव्हतं. यंदाही मुलीखेरीज आणखी चौघांना त्याने तो सांगितला होता, तोही स्वतः बोलावून.

मुलीने विषय सोडण्याचा अर्ज दिला. पुढे विषय बदलण्याची मुदत संपली, आणखी महिन्याने अनुदानाची यादी आली. यादी फलकावर लावायची म्हणून बाईंनी ती त्याच्याच हातात दिली. तो एरवी कागद न बघताच लावायचा, पण या वेळी घरचं नाव होतं. त्याने यादी दोनदा वाचली. मुलीचं नाव नव्हतं. त्या चौघांचंही नव्हतं.

तो खिडकीपाशी परत आला आणि छापण्यात चूक झालीय म्हणाला. बाई वयाने त्याच्यापेक्षा बऱ्याच लहान होत्या आणि वाईट स्वभावाच्या मुळीच नव्हत्या. त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं.

"काका, यंदापासून पूर्णवेळ म्हणजे सहा विषय. पाच घेतले की अर्धवेळ धरतात, आणि अर्धवेळला अनुदान नाही."

"असं कुठे असतं, मॅडम?"

"नोटीस लागलीय ना. तीन महिने होत आले. तुम्हीच लावलीत."

तो फलकापाशी गेला. नोटीस होती. चारही कोपऱ्यांना टाचण्या, कागद अगदी ओळंब्यात. दुसरे शिपाई एका टाचणीवर भागवायचे, हा चार लावायचा, आणि त्याचा त्याला केवढा तोरा होता. बावीस वर्षांत त्याने हजारो नोटिसा सरळ लावल्या आणि एकही वाचली नाही. ज्याला नियम पाठ आहेत त्याने वाचायचं काय? दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. नवा नियम तिसऱ्या ओळीत होता, ठळक अक्षरात.

पुन्हा खिडकी. विषय परत घेता येईल का? मुदत गेली. वर अपील करता येईल का? बाईंनी फाइल काढून कलम त्याच्यापुढे ठेवलं. दोनच कारणं चालत होती, विद्यार्थ्याचा गंभीर आजार किंवा पालकाचा मृत्यू.

"चुकीचा सल्ला मिळाला, असं लिहिलं तर?"

"सल्ला कोणी दिला, ते विचारतील," बाई म्हणाल्या, आणि उगाच कागद नीट करत बसल्या.

"म्हणजे मी मेलो तर बसतं."

बाईंनी असं बोलू नका म्हटलं. पण या वेळी त्याने कलम शेवटपर्यंत वाचलं. मृत्यूसुद्धा मुदतीच्या आत झालेला हवा होता.

संध्याकाळी घरी जाताना त्याने सांगायची वाक्यं जुळवली आणि दारात पोचेपर्यंत सगळी विसरली. बायको अजून कामावरून यायची होती. मुलगी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने सरळ सांगून टाकलं. तिने हातातली घडी पुरी केली, मग दुसरं कापड घेतलं. धुलाईखान्यात एक तारखेला माणसं घेतात, आईला विचारून बघते, एवढंच ती म्हणाली. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू, असं तो म्हणणार होता. एकदा खंड पडला की अनुदान पुन्हा सुरू होत नाही, हे त्यानेच स्टुलावर बसून कितीजणांना समजावलं होतं. ते तिलाही माहीत होतं.

"मी साहेबांना भेटतो उद्या," तो म्हणाला. "नोटीस कोणाच्या नजरेलाच पडली नाही, असं सांगतो."

"मी वाचली होती, बाबा. लागली त्याच दिवशी."

त्याला राग आला. खरं तर हायसंच वाटलं, कारण राग धरायला काहीतरी सापडलं होतं. मग बोलली का नाहीस, म्हणून त्याने विचारलं.

"बोलले होते. तुम्ही जेवत होतात. म्हणालात, नोटिसा मी लावतो, त्या तू मला शिकवू नकोस."

त्याने आठवून पाहिलं. जेवण आठवेना, दिवस आठवेना, तिचं बोलणंही आठवेना. पण वाक्य त्याचंच होतं, यात शंका नव्हती.

"मग तरी विषय का सोडलास?"

मुलीने पहिल्यांदा मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर त्याला सोसला असता.

"मला वाटलं, मलाच नोटीस कळली नसेल," ती म्हणाली. "तुमचं कधी चुकत नाही ना."