काळ्या लेपाखालचं मूळ

लेपवाल्याच्या दारात सकाळपासून रांग लागायची आणि समोरच्या दवाखान्यात त्वचेचे डॉक्टर माशा मारत बसायचे. लेपवाला कुठल्याही डागावर काळा लेप थापायचा. चौथ्या दिवशी काळी खपली सुटायची. ती चिमट्यात धरून तो म्हणायचा, "हे बघा रोगाचं मूळ. डॉक्टर फांद्या छाटतात, आपण मूळ उपटतो." लोक हात जोडायचे. डॉक्टर खिडकीतून रांगेतली डोकी मोजायचे आणि जळायचे.

एक दिवस त्या रांगेत त्यांना आपलेच साडू दिसले आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. घरचा डॉक्टर सोडून हा माणूस तिकडे? संध्याकाळी गाठून विचारलं, तेव्हा वेल्डिंग करणारा तो धिप्पाड गडी मान खाली घालून बसला. शिश्नाच्या टोकावर वर्षभर काळा डाग होता, पसरत होता. साडूला दाखवायची लाज वाटली. चार दिवसांपूर्वी लेप लावला, आज मूळ पडलं, बरा झालो, म्हणाला.

डॉक्टरांनी तपासलं. जखमेच्या कडेला काळी झाक अजून होतीच. हा रंगपेशींचा कर्करोग, मेलॅनोमा असू शकतो, तिथे क्वचितच होतो, पण पसरला तर जिवावर बेततो, तुकडा काढून तपासू या, असं त्यांनी समजावलं.

"तुम्ही त्याच्यावर जळता. सगळी गल्ली म्हणते," साडू म्हणाले.

"जळतोच. म्हणून माझं ऐकू नका, स्वतः बघा."

लेपवाल्यानं साडूंना घरी लावायला दिलेल्या डबीत थोडा लेप उरला होता. डॉक्टरांनी तो आपल्या हातावर, जिथे साधा तीळही नव्हता, तिथे लावला. आग आग झाली. चौथ्या दिवशी साडूंना घेऊन ते रांगेपुढे गेले आणि सगळ्यांदेखत खपली सोलली. अगदी तस्संच काळं 'मूळ'.

"इथे रोगच नव्हता, मग मूळ कुठलं? या लेपात कातडी जाळणारं औषध आहे. जळालेली कातडी काळी होऊन सुटते. खालचा रोग तसाच राहतो."

आत लपलेला रोग असेल, लेपवाला म्हणाला. रांगेतल्या एका म्हातारीनं त्याला स्वतःच्या हाताला लेप लावून दाखवायला सांगितलं. त्यानं हात मागे घेतला. निम्मी रांग पांगली. निम्मी उभीच राहिली.

साडूंचा तुकडा तपासला, मेलॅनोमाच निघाला. मोठ्या रुग्णालयातल्या सर्जननं टोकाचा भाग काढला, हा रोग आधी जिथे पसरतो ती जांघेतली लसीकागाठही काढून तपासली. ती स्वच्छ होती. आता काही वर्षं ठरलेल्या तारखांना तपासणी. साडू सर्जनचं कौतुक करत हिंडतात आणि डॉक्टर आता त्या सर्जनवर जळतात.

जळू देत. सांगणाऱ्याचं मन कसं आहे ते बघू नका, पुरावा बघा. आणि डाग वाढत असेल, रंग बदलत असेल, तर जागा कुठलीही असो, डॉक्टरला दाखवा. लाज चार मिनिटांची असते.