मापाचा ब्लाऊज

ब्लाऊज बरोबर बसला. खांद्यावर चुणी नाही, काखेत ओढ नाही, हूक पहिल्या झटक्यात लागले. पण ते सोडा. तसं काही झालंच नाही.

चारकोप मार्केटमधल्या हर्षद लेडीज टेलरने मधुवंतीकडे एकदा पाहिलं, गळ्यातली टेप काढली, ड्रॉवरमध्ये ठेवली आणि ड्रॉवरला कुलूप लावलं.

"मापाचा ब्लाऊज आणलाय?"

"नाही. हा पहिलाच."

बाकावर बसलेल्या दोन बायकांपैकी एकीला ठसका लागला. मधुवंती त्रेपन्न वर्षांची होती.

"आम्ही अंगावर माप घेत नाही," हर्षद म्हणाला. ठसका लागलेल्या बाईचं माप त्याने दोनच मिनिटांपूर्वी अंगावर घेतलं होतं. तिचे आकडे वहीत अजून उघडे पडले होते.

नियम मात्र खराच आहे. बाईचा ब्लाऊज आधीच्या ब्लाऊजवरून शिवतात, तो त्याच्या आधीच्यावरून. असं मागे मागे गेलं तर सगळ्यात पहिला ब्लाऊज कुणावरून शिवला, हे कुठलाही टेलर सांगत नाही.

मधुवंती तयारीनिशी आली होती. तीस वर्षं तिने एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंगं काढली होती. पर्समधून तिने घडी घातलेला कागद काढून काउंटरवर पसरला. पुढून, मागून, बाजूने, एकास पाच प्रमाणात. छाती, कंबर, दंडाचा घेर, सगळं इंचांत. काखेचा वेगळा तपशील कोपऱ्यात, मोठा करून.

हर्षदने कागद उलटा धरून पाहिला, मग सुलटा.

"बिल्डिंग कुठली?"

"मी आहे ती."

"महापालिकेची ओसी मिळाली का हिला, राहायची परवानगी?"

आता दोन्ही बायका हसल्या. एकीने दुसरीच्या मांडीवर चापट मारली. मधुवंतीने कागद त्याच्याच घड्यांवर दुमडला, नाव-तारखेचा चौकोन वर ठेवून, आणि पर्सची चेन ओढली. चेन अर्ध्यावर अडकली. ती तशीच बाहेर पडली.

तिची भाची श्रुतिका हिचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. "मावशी, तू यायचंच," श्रुतिकाने फोनवर सांगितलं होतं. त्याच फोनवर मागून श्रुतिकाची आई, म्हणजे मधुवंतीची धाकटी बहीण प्रेमा, ओरडली होती, "काय घालून येणार ते आधी मला दाखवायचं. नाहीतर हॉलच्या दारातून परत!" साडीचा प्रश्न नव्हता. जांभळट राखाडी, बोटभर काठाची साडी मधुवंतीने घेऊन ठेवली होती. साडी कुणाचं माप विचारत नाही, सहा वारांत कुणालाही घेते. सगळी भानगड ब्लाऊजची.

दुसऱ्या दिवशी ती रेडीमेडच्या दुकानात गेली. तिथल्या मुलीने न विचारता सोनेरी टिकल्यांचा ब्लाऊज समोर टाकला. पाठीच्या जागी दोन नाड्या होत्या.

"साधा हवाय. राखाडी साडीवर. भाचीचं लग्न आहे."

"पण तुमच्यात असलंच घालतात ना?"

"आमच्यात म्हणजे चारकोपमध्ये?"

मुलीने आतल्या बाजूला हाक मारली, "शेठ, या भाऊंना जरा बघा हो!"

शेठ आले नाहीत. काउंटरमागून त्यांनी फक्त सांगितलं, ट्रायल रूम बंद आहे. त्याच वेळी ट्रायल रूममधून एक बाई नवा कुर्ता घालून बाहेर आली आणि आरसा कुठे आहे म्हणून विचारू लागली. मधुवंतीने तिला आरसा दाखवला, बेचाळीस नंबरचा एक साधा राखाडी ब्लाऊज अंदाजाने उचलला आणि निघाली.

तो ब्लाऊज घालून, वर साडी नेसून, रविवारी दुपारी ती प्रेमाकडे गेली. प्रेमा रुखवताच्या नारळाला मोती चिकटवत होती. पूर्वी ती मधुवंतीला दादा म्हणायची. आता काहीच म्हणत नसे; थेट वाक्याला सुरुवात करायची.

"कुणी पाहिलं का वर येताना?"

"वॉचमनने. नमस्कार केला."

"तो सगळ्यांना करतो." प्रेमाने पदराचा काठ बोटांत धरून चोळला. "साडी बरी आहे," ती मयताची बातमी सांगावी तशी म्हणाली. मग तिने पदर बाजूला केला. "आणि हे काय आहे? उशीचा अभ्रा?"

छातीवर ब्लाऊज फुग्यासारखा उभा होता. खांद्यावर मात्र तो पोचलाच नव्हता, आणि बाह्यांनी दंडाला दोऱ्या बांधल्यासारखे वळ काढले होते.

"टेलर माप घेत नाही."

"मग शर्ट घालून ये. एक दिवस. दोन तास. मेल्या, मरणार आहेस का दोन तासांत?"

मधुवंतीने टेबलावर सांडलेले मोती एकेक करून वाटीत टाकायला घेतले.

"मुलीला बोहल्यावर मामा आणतो," प्रेमा म्हणाली. "एकच मामा होता, तोही तू घालवलास. आता ह्यांच्या चुलतभावाला मामा म्हणून उभा करतेय. त्याला श्रुतिकाचं नाव आठवत नाही. स्मिता म्हणतो."

"मी आणते ना तिला."

"साडी नेसून? लोक हसतील."

"मला सवय आहे."

"मला नाहीये!"

नारळ टेबलावरून घरंगळला आणि डिंकासकट जमिनीवर पडला. दोघींनीही तो उचलला नाही. प्रेमा आत गेली, कपाट उघडल्याचा आवाज आला, हँगर पडल्याचा आला, शिवी आली. मग एक ब्लाऊज दारातून उडत आला आणि मधुवंतीच्या तोंडावर आदळला. कॉफी रंगाचा, धुऊन धुऊन विटलेला.

"घाल."

मधुवंतीने बाथरूममध्ये जाऊन तो घातला. पुढे काय झालं ते अगदी सुरुवातीला सांगून झालंय, आणि ते झालं नाही हेही.

ती बाहेर आली तेव्हा प्रेमा तोंडात टाचण्या धरून उभी होती. तिने बहिणीला खांद्याला धरून खिडकीकडे वळवलं, छातीपाशी दोन टाचण्या लावल्या, मागे गेली, पाठीच्या शिलाईवरून अंगठा फिरवला. खांद्यापाशी तिला काहीच करावं लागलं नाही. अंगठा तिथे थांबला.

"बाबांचे खांदे," ती टाचण्यांमधून म्हणाली.

"गिरणीत तागे वाहायचे."

"तागे त्यांनी वाहिले, खांदे आपल्याला." तिने तोंडातली शेवटची टाचणी काढली. "नीट ऐक. पफ आयुष्यात घ्यायचा नाही. बोट नेक तर नाहीच. माझ्या लग्नात मी घातला होता, तो अल्बम मी अजून उघडत नाही. गळा खाली टोकदार. बाही कोपरापर्यंत. आणि झगमग नको, आपल्या वयाला..." ती थांबली आणि टाचण्या डबीत टाकू लागली. "शोभत नाही."

बराच वेळ डबीचं झाकण बसत नव्हतं.

"माझा पोपटी ड्रेस होता," प्रेमा झाकणाकडे बघत म्हणाली. "दहावीचा."

मधुवंतीने पदर सारखा केला.

"दोन दिवस गायब होता. तिसऱ्या दिवशी घडी करून जागेवर. खांद्यात उसवलेला."

"शिवून ठेवला होता."

"हिरव्या दोऱ्याने. पोपटी आणि हिरवा वेगळा असतो. कळत नव्हतं तुला तेव्हा." झाकण बसलं. "आईला मी सांगितलं, मीच उसवला. दोन रट्टे खाल्ले."

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू होईपर्यंत दोघी थांबल्या.

"ब्लाऊज घेऊन जा," प्रेमा म्हणाली. "माझ्या मापाचा आहे, परत हवाय. पण तू इथे आला नव्हतास. कुणी विचारलं तर हा मी भांडीवालीला दिला. कळलं? तुला माझी लाज काढायचीच आहे ना लग्नात, तर निदान मापात काढ."

"म्हणजे येऊ?"

"तो नारळ उचल. मुंग्या येतील."

सोमवारी हर्षदने मधुवंतीला लांबून पाहिलं आणि किल्लीकडे हात नेला. मधुवंतीने कॉफी रंगाचा ब्लाऊज काउंटरवर ठेवला, शेजारी राखाडी कापड ठेवलं.

"मापाचा ब्लाऊज."

हर्षदने तो उलटा केला. आतल्या शिलाईला नखाने टोकरलं. बाकावर आज एकच म्हातारी बाई होती, आणि ती हसायच्या तयारीत बसली होती.

"हा तर प्रेमाताईंचा. बावीस वर्षं मीच शिवतोय त्यांचे."

"त्यांनी भांडीवालीला दिला."

"मग तुमच्याकडे?"

"भांडीवालीने दिला."

हर्षदने ब्लाऊजकडे पाहिलं. मग मधुवंतीच्या डाव्या खांद्याकडे, मग उजव्या खांद्याकडे, मग पुन्हा ब्लाऊजकडे. बावीस वर्षं तो हे खांदे कापत आला होता. वहीत त्यांच्यासमोर दरवेळी लिहायचा, खांदा रुंद, बारीक दिसेल असा शिवणे. त्याने ड्रॉवरचं कुलूप काढलं, टेप घेतली आणि माप घेतलं. ब्लाऊजचं. मधुवंतीला त्याने बोटही लावलं नाही.

"आम्ही असली कामं घेत नाही," तो वहीत आकडे लिहीत म्हणाला. "लग्न कधी आहे?"

"पुढच्या शुक्रवारी."

"गुरुवारी घेऊन जा. दुकानाबाहेर कुणाला सांगायचं नाही, मी शिवला म्हणून."

"मी आलेच नव्हते."

म्हातारीने निराशेने पंख्याकडे पाहिलं.

हर्षदने छापील पावती पुढे सरकवली. गळा, बाही, अस्तर, आणि सगळ्यात खाली विशेष सूचना, त्यासाठी चार ओळी. "भरा. मागाहून भांडण नको."

मधुवंतीने पर्समधून ड्रॉइंगचं बारीक निबाचं पेन काढलं. गळा, टोकदार. बाही, कोपरापर्यंत. अस्तर, सुती. मग ती थांबली. तीस वर्षांत तिने आर्किटेक्टच्या वतीने शेकडो अर्ज लिहिले होते, दुसऱ्यांच्या गॅलऱ्या आत घेण्यासाठी, दुसऱ्यांचे वाढवलेले मजले कायदेशीर करून घेण्यासाठी. चार ओळी तिला पुष्कळ झाल्या. सुबक, बारीक, ड्रॉइंगवर लिहितात तशा अक्षरांत तिने लिहिलं:

विषय: वय वर्षे सोळा ते बावन्न या काळातील न घातलेले कपडे पूर्वलक्षी प्रभावाने नियमित करण्याबाबत. महोदय, उपरोक्त काळात अर्जदाराने एक पोपटी ड्रेस दोन दिवस विनापरवाना वापरला असून तो खांद्यात उसवला, व चुकीच्या दोऱ्याने शिवून जागेवर ठेवण्यात आला. बाकी सर्व वर्षे आजतागायत रिकामी आहेत. तरी ती वर्षे अर्जदारास, सोबत दिलेल्या मापातच, पुन्हा मिळावीत, ही नम्र विनंती.